रिकाम्या टाकीला चिमूटभर

२ फेब्रुवारी, रविवार
ही आज बहिणीकडे गेली. हवापालट. बरेच दिवस चेहरा उतरलेला होता, तेव्हा मीच म्हणणार होतो की चार दिवस जाऊन ये. माझ्याआधी तिनेच ठरवलं. नवराबायकोचे विचार असे जुळावे लागतात.

सोबत दोन बॅगा, तिची उशी आणि शिवणयंत्र. हवापालटाला शिवणयंत्र कशाला, असं विचारणार होतो, पण तोवर ती टॅक्सीत बसली होती. यंत्र पुढच्या सीटवर. त्याला पट्टासुद्धा लावला होता.

निघताना म्हणाली, तुमच्या घरात जिवंत काही टिकत नाही. मी म्हणालो, नोंद घेतली. तर म्हणाली, नोंद घेऊ नका हो, ऐका. आता यात फरक काय? ऐकलेलं माणूस विसरतो, नोंद कायम राहते. ‘तुमच्या घरात’ म्हणाली. घाईत ‘आपल्या’ म्हणायचं राहिलं असेल.

तक्रार निवारण विभागात केस पांढरे केले ते काही उगाच नाही. कपडे धुण्याचं यंत्र बंद पडलेला माणूस काय नि कसा बोलतो, ते मला पाठ आहे. त्याला बोलू द्यायचं, नोंद घेतली म्हणायचं. पुन्हा फोन आला तर पुन्हा तेच. मग तो दमतो. फोन थांबला की तक्रार मिटली. हिचीही गेल्या वर्षभरात एक तक्रार नाही. म्हणजे घरात सगळं मिटलेलंच आहे. तिला फक्त हवेची गरज होती.

३ फेब्रुवारी
शिवणयंत्राच्या जागेवर फरशीला चार डाग. यंत्र नसतानाही सकाळी वळसा घालून गेलो. कोपरा फार रिकामा दिसतो.

संध्याकाळी एकदम सुचलं. टाकी! माशांची. मागे दातांच्या दवाखान्यात आम्ही दोघं नंबर लागायची वाट बघत बसलो होतो, तिथे एक टाकी होती. आत हिरवीगार झाडं आणि तळाशी बोटाच्या पेराएवढे मिशीवाले मासे. लोच म्हणतात त्यांना. ही त्यांच्याकडे टक लावून बसली आणि मी नंबराच्या दिव्याकडे. घरी येताना म्हणाली, आपणही आणूया ना. पुढे बरेचदा म्हणाली. मी प्रत्येक वेळी नोंद घेतली होती. म्हणजे तक्रार प्रलंबित आहे, एवढंच.

संकल्प: ती यायच्या आत टाकी तयार. जिवंत काही टिकत नाही म्हणते काय! दार उघडलं की समोर मासे. बॅगा हातातून खालीच ठेवेल. पुढचं सगळं आपोआप.

५ फेब्रुवारी
माशांच्या दुकानात गेलो. मालक अंगाने आडवा, बोलायला तुटक. त्याला मी मनातल्या मनात टाकीवाला म्हणतो. लोच पाहिजेत म्हणालो तर मासे दाखवायच्या ऐवजी वाळू दाखवायला लागला. हे मासे तळाशी तोंड घालून खातात, खडे टोचून मिशा झिजतात, वाळू बारीकच हवी. झाडं हवीत. लपायला जागा हवी. आणि मासे आज नाही, महिन्याने. पाणी आधी तयार व्हावं लागतं म्हणे.

पाणी तयारच असतं, नळाला येतं, असं मी गमतीने म्हणालो. हसला नाही. टाकी सपाट जागेवर ठेवा, आधी पातळी तपासा, असंही सांगत होता. तोवर मी व्हिडिओ बघितलेले असल्यामुळे मान हलवली.

७ फेब्रुवारी
टाकी मांडली. हिच्या कापड बेतायच्या टेबलावर. अगदी मापात बसली.

बादलीने पाणी ओतलं. वाळू वर आली, पाणी चहासारखं झालं. झाडं खोचली. झाडं वर आली. पुन्हा खोचली. पुन्हा वर. रात्री जेवताना बघितलं तर सगळी बाग छताला लागल्यासारखी पृष्ठभागावर तरंगत होती. हाही एक प्रकार असावा.

पाणी डाव्या बाजूला जास्त दिसतंय. काचेचा दोष. टाकीवाल्याला सांगितलं पाहिजे.

८ फेब्रुवारी
काचेचा दोष नाही. टेबलाचा एक पाय आखूड आहे. हिने त्याखाली कायम कापडाची एक घडी घातलेली असायची, ती मीच झाडू मारताना फेकली. पाणी काढून टाकी पुन्हा मांडणं आलं. नळी तोंडाने ओढल्यावर पाणी बादलीत पडतं, असं व्हिडिओत होतं. माझ्या पोटात पडलं. उरलेलं फरशीवर, आणि तिथून खालच्या काकूंच्या छतावर.

काकू वर आल्या. छताबद्दल थोडंच बोलल्या, मग आत डोकावून विचारलं, या कुठे दिसत नाहीत? मी म्हणालो, हवापालट. काकू म्हणाल्या, हो का. आणि उगाच माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग जाऊन एक वाटीभर भाजी आणून दिली. छत गळतंय त्यांचं आणि भाजी मला. विचित्र बाई.

९ फेब्रुवारी, रविवार
सकाळी फोन केला. मेहुणीने उचलला. ताई अंघोळीला गेलीय, म्हणाली. दुपारी केला. ताई अंघोळीला गेलीय. संध्याकाळी केला, तरी अंघोळच. हवापालटाने माणूस स्वच्छ होतो खरा.

१३ फेब्रुवारी
झाडं आता जागेवर आहेत. दोऱ्याने दगडांना बांधली. दोरा हिच्या डब्यातला, लाल. हिरवा होता, पण तो तिला लागेल म्हणून ठेवून दिला.

टाकीवाल्याने पाणी तयार करायची रीत सांगितली, ती ऐकून हसू आलं. रोज रिकाम्या टाकीत खाण्याची एक चिमूट टाकायची. ते कुजतं, त्यातून चांगले जंतू होतात, आणि मगच मासा जगतो. म्हणजे जो आलेलाच नाही त्याला रोज वाढायचं. मी म्हणालो, कोणी खाणारं नाही हो आत. तो म्हणाला, म्हणूनच.

रोज सकाळी चहाआधी चिमूट टाकतो. संकल्प: खाडा करायचा नाही.

भात मात्र अजून दोघांचा होतो. हात आपोआप डब्यात दोनदा जातो. उरलेला दुसऱ्या दिवशी खातो, त्या दिवशीचा उरतो. सवय मुद्दामच मोडत नाही. उद्या अचानक ती आली तर?

१८ फेब्रुवारी
ऑफिसात मीटिंग. नवे साहेब आलेत, वय माझ्या चपलेएवढं. माझ्या विभागाच्या मिटलेल्या तक्रारींचा आकडा बघून कौतुक करतील म्हणून शर्टाला इस्त्री करून गेलो होतो. तर विचारतात, यातली यंत्रं दुरुस्त किती झाली? मी म्हणालो, ग्राहकाचा फोन आलेला नाही. साहेब म्हणाले, फोन थांबला म्हणजे यंत्र चालू झालं असं नाही, त्याने दुसऱ्या कंपनीचं घेतलं असेल. आता जुन्या ग्राहकांना आपणच फोन करायचे, असा हुकूम निघाला.

अनुभव कमी, दुसरं काय. शिकतील.

२३ फेब्रुवारी, रविवार
आनंदाची बातमी! टाकीत जीव! सकाळी काचेवर एक इवलीशी गोगलगाय. झाडांबरोबर आली असणार. दुपारपर्यंत आणखी निघाल्या. माझ्या घरात आपण होऊन कोणीतरी राहायला आलं आणि वाढलंसुद्धा.

ताबडतोब फोन लावला. अंघोळ झालेली होती, हिनेच उचलला. तिला सगळं सांगितलं, म्हणजे मासे सोडून. मासे हे सरप्राइज आहे. गोगलगायी झाडांवर येतात असं म्हणालो, झाडं कुठे हे सांगितलं नाही. मग गोगलगायीचं खाणं, पाण्याचा रंग, नवे साहेब. ती हं म्हणत होती. मध्येच म्हणाली, मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हणालो, बोल ना, पण आधी ऐक, त्या काचेला उलट्या चिकटून चालतात.  ती म्हणाली, फोनवर नको. तेवीस मार्चच्या रविवारी मी येते, समोर बसून बोलते.

येते! स्वतः म्हणाली, येते. मी काही बोललोसुद्धा नव्हतो.

२ मार्च, रविवार
मासा आणला. एक.

यावर टाकीवाल्याशी खटका उडाला. तो म्हणत होता आठ-दहा घ्या, हे घोळक्यात राहणारे मासे आहेत, एकटा ठेवायचा नसतो. धंदा आहे त्याचा, तो दहाच सांगणार. मी त्याला शांतपणे समजावलं. आधी एकाला स्थिरावू द्यावं. एकटा असला की भांडण नाही, गर्दी नाही, सगळी टाकी त्याची. मलाच बघा, म्हणालो, महिना झाला एकटा आहे, काही बिघडलंय? त्याने बघितलं. मग एकच मासा पिशवीत भरला.

घरी येईपर्यंत पिशवी शर्टाच्या आत धरली होती. थंडी लागू नये म्हणून. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून मग सोडला. अंगावर सोनेरी-काळे पट्टे, तोंडाला मिशा, डोळे मोठे. मी नाव ठेवलं मिशाळ. एकदा माझ्याकडे वळून बघितलं आणि दगडामागे गेला.

अजून तिथेच आहे. विश्रांती.

५ मार्च
मिशाळ दिसला नाही.

६ मार्च
नाही. स्वभावाने अंतर्मुख असावा.

८ मार्च
आजही नाही. टॉर्च मारला, काचेवर टिचक्या मारल्या, दगड उचलून बघितले. खुर्ची टाकीला लावून बसलो आणि त्याच्याशी गप्पा मारल्या. ऑफिसचं सगळं सांगितलं. जुन्या ग्राहकांना फोन करायचं काम कसं माझ्याच गळ्यात पडलं, खालच्या काकू हल्ली दर दोन दिवसांनी वाटी घेऊन कशा येतात, हेही सांगितलं. कुठे असेल तिथून ऐकत असणार. निदान मध्ये तोडत नाही.

संकल्प: रोज अर्धा तास गप्पा. प्राण्यांना माणसाचा आवाज आवडतो.

१२ मार्च
दिसला! फिल्टरच्या मागे, काच आणि नळी यांच्या फटीत, अंग चोरून. मी आनंदाने ओरडलो तर आणखी आत गेला. बारीक वाटला. पण पट्टे उभे असल्यामुळे तसं वाटत असेल.

१६ मार्च, रविवार
पुन्हा पत्ता नाही. पुढच्या रविवारी ती येणार आणि टाकीत दाखवायला गोगलगायी. माझ्या तोंडचं पाणी पळालं. टाकीवाल्याला फोन केला. मासा मेलेला दिसत नाही आणि जिवंतही दिसत नाही, काय समजायचं? तो म्हणाला, एकटा आहे, घाबरलाय, खायलाही बाहेर येत नसेल. टिचक्या मारू नका, टॉर्च मारू नका, जोडीदार आणा.

मी म्हणालो, नोंद घेतली.

आठवडाभरच तर राहिलाय. आता नवे मासे आणले तर हिला वाटेल आयत्या वेळी धावपळ केली. एकच असला तरी माझ्या हातून जगला, हे महत्त्वाचं. जगला असेल तर.

२० मार्च
आरशासमोर सराव केला. ती बोलेल, मी ऐकणार. मान हलवायची, पण जास्त नाही. ‘नोंद’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. सराव करताना दोनदा निघाला.

तिच्या कपाटाचा वरचा कप्पा पुसला. टॉवेल बदलले. उशी तिची तिच्याकडेच असल्यामुळे नवी आणली. घरी आल्यावर दाबून बघितली, फार टणक आहे. तिला मऊ लागते. दुकानात हे आठवायला हवं होतं.

२३ मार्च, रविवार, सकाळ
दाढी केली. टाकीची काच पुसली. तांदूळ धुऊन ठेवले, दोघांचे. आज सवयीने नाही, हिशोबाने.

मिशाळ दिसत नाही. बाबा रे, आज तरी.

२३ मार्च, संध्याकाळ
आली होती.

साडूबुवा बरोबर होते, खाली छोटा टेम्पो उभा होता. ते म्हणाले, टेबल तेवढं न्यायचंय, शिवणाचं. मग त्यांनी टेबलावरची टाकी बघितली आणि म्हणाले, मी खालीच थांबतो.

हिने पण टाकी बघितली. बॅगा हातात नव्हत्याच, त्यामुळे खाली ठेवायचा प्रश्न आला नाही. पण चप्पल न काढता तशीच पुढे आली आणि टाकीसमोरच्या खुर्चीत बसली. लाल दोऱ्याकडे बघून थोडी हसली. मी समजावायला सुरुवात केली, पाणी कसं तयार झालं, चिमूट, जंतू. तिने ओठांवर बोट ठेवलं.

मग आम्ही दोघं गप्प बसलो. मी फरशीवर. घरात फिल्टरचा आवाज तेवढा. आम्ही असे शेवटचे कधी बसलो होतो, दवाखान्यातच बहुतेक. मला बोलायला फार सुचत होतं. बोललो नाही.

आणि तो आला. फिल्टरच्या मागून आधी मिशा, मग तोंड. वाळूवर उतरला. पोट आत गेलेलं, पट्टे फिके. इकडे तिकडे तोंड लावत थोडा पुढे गेला आणि काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाला चिकटून थांबला. हललाच नाही तिथून.

ही म्हणाली, एकच? मी म्हणालो, स्थिरावतोय. ती म्हणाली, अहो, हे एकटे राहत नाहीत. दवाखान्यातल्या टाकीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, माझ्या शेजारीच तर बसला होतात.

मग तिचं बोलणं. बहिणीच्या घराजवळ तिने खोली घेतली आहे. शिवणाचं काम मिळतंय, दोन दुकानांचं. परत यायचा विचार नाही. एवढी वर्षं सांगून बघितलं, म्हणाली, मग सांगायचं सोडून दिलं, आणि सोडल्यावर तुम्हाला फार बरं वाटलं, ते मला दिसलं. आवाज अजिबात चढला नाही. माझ्या तब्येतीची चौकशी केली. गोळ्या कुठल्या खणात आहेत तेही सांगितलं.

राग नव्हता. हे चांगलं लक्षण आहे.

मी नोंद घेतली म्हणालो नाही.  

उठताना म्हणाली, टेबल राहू द्या, याला हलवू नका. दारात वळून म्हणाली, आणखी आणा याला. मी हो म्हणालो. मग खाली टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. रिकामाच गेला.

भात खूप उरला.

३० मार्च, रविवार
टाकीवाल्याकडून आणखी नऊ आणले.  घरी सोडले आणि खुर्चीत गप्प बसलो.

नव्यांनी आधी कोपरे धुंडाळले. मग मिशाळ बाहेर आला. एक जण त्याच्या अंगाला अंग घासून गेला, मग दुसरा. थोड्या वेळाने सगळे एका पानाखाली एकमेकांवर ढीग करून पडले होते. मिशाळ त्यांच्यात होता. एवढे दिवस फटीत अंग चोरून बसलेला हाच तो, यावर विश्वास बसेना.

मला फार बरं वाटलं. रडू का आलं कळत नाही. फिल्टरमुळे हवेत काहीतरी येत असावं.

४ एप्रिल
जुन्या ग्राहकांना फोन चालू आहेत. आज एक आजोबा लागले. त्यांची तक्रार मीच मिटवलेली, माझी सही आहे. विचारलं, यंत्र कसं चाललंय? म्हणाले, कुठलं? ते तर केव्हाच काढून टाकलं, दुसरं घेतलं. मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, अहो राहू द्या, आता सगळं छान आहे, तुम्ही कशाला त्रास घेता. तब्येत कशी आहे, असंही उलट मलाच विचारलं.

आवाजात राग अजिबात नव्हता.

फोन ठेवल्यावर बराच वेळ पुढचा लावला नाही. साहेब जाताना म्हणाले, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, नोंद करतोय.

१३ एप्रिल, रविवार
टाकी झकास. गोगलगायी जवळजवळ संपल्या, लोच माशांनी खाल्ल्या. खालच्या काकू बघायला आल्या होत्या, गप्प बसायला सांगितलं तर चक्क बसल्या. वाटी रिकामी परत दिली.

दुपारी फोन केला. हिनेच उचलला, पहिल्याच रिंगला. मागे यंत्राची घरघर होती, ती तिने थांबवली. दहा झाले म्हणून सांगितलं. बरं केलंत, म्हणाली. जुना कोणता ते ओळखू येतं का, असं विचारलं. मी म्हणालो, म्हणजे काय, ओळखतोच. ओळखू येत नाही. सगळ्यांचे पट्टे सारखे, सगळ्यांची पोटं भरलेली. फोन ठेवल्यावर पुष्कळ बघितलं. त्यांच्यातलं कोणीही माझ्याकडे वळून बघत नाही.

मी हललो की लपतात, बसून राहिलो की येतात. म्हणून संध्याकाळभर बसून राहिलो.

मग उठून भात टाकला. हात डब्यात एकदाच गेला. उरला नाही.